विश्लेषण : शाळांत पुस्तके पोहोचली; मुलांच्या हाती किती?

नवी दिल्ली, १८ जून : केरळमध्ये उद्या, १९ जून रोजी वाचन दिन साजरा होत आहे. राज्यातील ग्रंथालय चळवळीचे प्रवर्तक पी. एन. पणिक्कर यांच्या स्मृतिप्रीत्यर्थ १९९६ पासून हा दिवस पाळला जातो. २०१७ मध्ये पंतप्रधान नरेंद्र मोदी यांच्या हस्ते कोची येथे वाचन महिन्याच्या उपक्रमाचे उद्घाटन झाले आणि या दिवसाला राज्याबाहेरही ओळख मिळाली. महाराष्ट्राच्या बहुतांश भागात नव्या शैक्षणिक वर्षाची घंटा नुकतीच वाजली आहे. नव्या पाठ्यपुस्तकांचे वाटप, गणवेश आणि पटनोंदणी यांच्या धावपळीत शाळेच्या ग्रंथालयाकडे लक्ष जाण्यास सहसा काही आठवडे लागतात. त्यामुळे वाचन दिनाच्या निमित्ताने एक प्रश्न विचारणे अगत्याचे ठरते. गेल्या पंधरा वर्षांत देशातील शाळांमध्ये पुस्तके मोठ्या प्रमाणावर पोहोचली. ती मुलांच्या हाती किती पोहोचली?

हा प्रश्न केवळ सांस्कृतिक आस्थेचा नाही. ‘निपुण भारत’ अभियानाने २०२६-२७ पर्यंत तिसरीच्या अखेरीस प्रत्येक मुलाला अर्थ समजून वाचता यावे, असे उद्दिष्ट ठेवले आहे. ती मुदत आता जवळ आली आहे. जी मुले त्या वर्षी तिसरीत असतील, ती आज दुसरीत प्रवेश करीत आहेत. त्यांच्यापैकी अनेकांच्या घरी पाठ्यपुस्तकाखेरीज एकही पुस्तक नाही. त्यांच्यासाठी शाळेतील कपाट हेच जवळचे आणि बहुधा एकमेव ग्रंथालय असते.

कायद्याने दिलेली जागा

शालेय ग्रंथालय ही ऐच्छिक सुविधा राहिलेली नाही. १ एप्रिल २०१० पासून लागू झालेल्या बालकांच्या मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा हक्क अधिनियमाच्या अनुसूचीत शाळेसाठीचे किमान निकष दिले आहेत. त्यानुसार प्रत्येक शाळेत ग्रंथालय असले पाहिजे आणि तेथे वर्तमानपत्रे, नियतकालिके तसेच गोष्टीच्या पुस्तकांसह सर्व विषयांवरील पुस्तके उपलब्ध असली पाहिजेत. गोष्टीच्या पुस्तकांचा कायद्यातील हा स्वतंत्र उल्लेख महत्त्वाचा आहे. अवांतर वाचन हा अभ्यासाबाहेरचा विषय नसून शाळेच्या कामाचाच भाग आहे, ही भूमिका त्यातून स्पष्ट होते.

निधीची तरतूदही झाली. २०१८ मध्ये सुरू झालेल्या ‘समग्र शिक्षा’ योजनेत सरकारी शाळांना त्यांच्या स्तरानुसार दरवर्षी पाच हजारांपासून वीस हजार रुपयांपर्यंत ग्रंथालय अनुदान देण्याची तरतूद आहे. या योजनेचा खर्च बहुतेक राज्यांत केंद्र व राज्य यांच्यात ६०:४० या प्रमाणात, तर ईशान्येकडील आणि हिमालयीन राज्यांत ९०:१० या प्रमाणात विभागला जातो. पाच हजार रुपये ही रक्कम अल्प वाटते; परंतु बालसाहित्याच्या एका पुस्तकाची किंमत सरासरी पन्नास रुपये धरली, तर तेवढ्यात शंभर पुस्तके येतात. साठ विद्यार्थ्यांच्या प्राथमिक शाळेसाठी दरवर्षी शंभर नवी पुस्तके, हा संग्रह तीन-चार वर्षांत पुरेसा समृद्ध होऊ शकतो.

राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० मध्येही सर्व भारतीय भाषांत दर्जेदार बालसाहित्य, शालेय व सार्वजनिक ग्रंथालयांचा विस्तार आणि वाचनसंस्कृतीची जोपासना यांवर भर देण्यात आला आहे. कायदा, निधी आणि धोरण अशा तिन्ही अंगांनी शालेय ग्रंथालयाला मान्यता आहे. तरीही व्यवहारात चित्र वेगळे दिसते.

दोन आकड्यांमधले अंतर

केंद्रीय शिक्षण मंत्रालयाच्या ‘यूडायस प्लस’ प्रणालीतील २०२१-२२ च्या माहितीनुसार देशातील ८७.३ टक्के शाळांमध्ये ग्रंथालय, वाचनकक्ष किंवा वाचन कोपरा यांपैकी एक सुविधा होती. ग्रामीण भारतातील शालेय शिक्षणाची पाहणी करणाऱ्या ‘असर’ अहवालात मात्र वेगळ्या बाजूने विचारणा होते. पाहणीपथक शाळेत गेले, त्या दिवशी मुले पाठ्यपुस्तकाव्यतिरिक्त अन्य पुस्तके वापरताना दिसली का, हे तेथे नोंदवले जाते. अशा शाळांचे प्रमाण २०१८ मध्ये ३६.९ टक्के, २०२२ मध्ये ४३.९ टक्के आणि २०२४ मध्ये ५१.३ टक्के होते.

दोन्ही पाहण्यांची व्याप्ती आणि वर्षे वेगळी आहेत. त्यामुळे त्यांची थेट वजाबाकी करता येणार नाही. पहिली सर्व व्यवस्थापनांच्या शाळांची आणि शाळांनी स्वतः भरलेली माहिती आहे, तर दुसरी ग्रामीण भागातील प्राथमिक वर्ग असलेल्या सरकारी शाळांची प्रत्यक्ष पाहणी आहे. परंतु त्यांतून दिसणारी दिशा पुरेशी बोलकी आहे. कागदोपत्री बहुतेक शाळांत ग्रंथालय आहे; प्रत्यक्ष भेटीत जवळपास निम्म्या शाळांत पुस्तक मुलांच्या हाती दिसत नाही. सहा वर्षांत हे प्रमाण सुमारे चौदा टक्के अंकांनी सुधारले, हे निश्चितच आश्वासक आहे. मात्र ही सुधारणा कशामुळे झाली आणि उरलेल्या शाळांत अडथळा कोणता, हे समजून घेतल्याशिवाय पुढचा टप्पा गाठता येणार नाही.

वाचनक्षमतेचे आकडे या चर्चेला निकड देतात. ‘असर २०२४’ नुसार ग्रामीण भागातील सरकारी शाळांमधील तिसरीच्या २३.४ टक्के मुलांना दुसरीच्या पातळीचा मजकूर वाचता आला. २०२२ मध्ये हे प्रमाण १६.३ टक्के होते. पाचवीत ते ४४.८ टक्के आहे. करोनाकाळात झालेली घसरण भरून निघाली, किंबहुना तिसरीच्या बाबतीत २०१८ ची २०.९ टक्क्यांची पातळीही ओलांडली गेली. तथापि, सरकारी शाळेत पाचवीत बसलेल्या निम्म्याहून अधिक मुलांना दुसरीचा उतारा वाचता येत नाही, ही वस्तुस्थिती कायम आहे.

वाचनाचे कौशल्य आणि पुस्तकांची उपलब्धता यांचा संबंध सरळ आहे. अक्षरओळख पाठ्यपुस्तकातून होते. अस्खलितपणा सरावातून येतो. ‘निपुण भारत’च्या उद्दिष्टानुसार तिसरीच्या मुलाने मिनिटाला किमान साठ शब्द अर्थासह वाचणे अपेक्षित आहे. वर्षभर एकच पाठ्यपुस्तक वाचून ही गती साधत नाही. तेच ते धडे मुलांना ऐकून पाठ होतात आणि मूल वाचते आहे की आठवून म्हणते आहे, हे शिक्षकांनाही कळेनासे होते. नवा, सोपा आणि रंजक मजकूर सतत समोर येत राहिला तरच सराव घडतो. तो पुरवणे हे ग्रंथालयाचे काम आहे.

कुलूप कशाचे?

शाळांमधील पुस्तके कपाटात का राहतात, याची कारणे शिक्षकांच्या अनास्थेत शोधण्याची प्रथा आहे. ती अन्यायकारक आहे. कारणांचा मोठा भाग व्यवस्थेच्या रचनेत दडलेला आहे.

पहिले कारण हिशेबाचे. शाळेतील पुस्तक साठा नोंदवहीत चढते आणि टेबल, खुर्ची, फळ्याप्रमाणे त्याची जबाबदारी कोणा एका शिक्षकावर येते. बदली झाली की पदभार सोपवताना प्रत्येक प्रत मोजून द्यावी लागते. हरवलेल्या पुस्तकाचा जाब विचारला जातो. न वाचल्या गेलेल्या पुस्तकाचा मात्र कोणी विचारत नाही. अशा स्थितीत कुलूप हा सर्वांत सुरक्षित पर्याय ठरतो. शिक्षकाने पुस्तके घरी नेऊ दिली आणि पावसात दोन भिजली, तर तो अडचणीत येतो. त्याने ती वर्षभर कोरी ठेवली, तर तपासणीत त्याची नोंद ‘व्यवस्थित’ अशी होते.

दुसरे कारण वेळेचे. ‘यूडायस प्लस’च्या २०२३-२४ च्या माहितीनुसार देशात एक लाखाहून अधिक शाळा एकशिक्षकी आहेत. एकाच वेळी चार-पाच इयत्ता सांभाळणाऱ्या शिक्षकाकडे पोषण आहाराच्या नोंदी, शिष्यवृत्तीचे अर्ज, ऑनलाइन माहिती आणि निवडणुकीची कामेही असतात. त्यात पुस्तकांच्या देवघेवीची भर पडली, तर ती सर्वप्रथम मागे पडते.

तिसरे कारण माणसाचे. केंद्रीय विद्यालयांत ग्रंथपालाचे पद असते आणि वेळापत्रकात ग्रंथालयाची तासिका असते. राज्यांच्या बहुतांश प्राथमिक शाळांमध्ये असे पदच अस्तित्वात नाही. महाराष्ट्रातही जिल्हा परिषदेच्या प्राथमिक शाळांत ग्रंथपाल नसतो. अनुदानित माध्यमिक शाळांत हे पद पटसंख्येशी जोडलेले आहे आणि अर्धवेळ ग्रंथपालांना पूर्णवेळ करण्याची मागणी अनेक वर्षांपासून होत आहे. प्रत्येक लहान शाळेत पूर्णवेळ ग्रंथपाल नेमणे आर्थिकदृष्ट्या शक्य नाही, हे मान्य करावे लागेल. परंतु केंद्र स्तरावर आठ-दहा शाळांसाठी एक प्रशिक्षित व्यक्ती, हा पर्याय विचारात घेण्यासारखा आहे.

चौथे कारण निवडीचे. एकगठ्ठा खरेदीत आलेली पुस्तके पुष्कळदा मुलांच्या वयाला आणि वाचनपातळीला अनुरूप नसतात. बोधपर चरित्रे, जाडजूड कोश आणि स्पर्धा परीक्षांची मार्गदर्शके यांनी भरलेले कपाट दुसरीच्या मुलासाठी रिकामेच असते. राष्ट्रीय शैक्षणिक संशोधन व प्रशिक्षण परिषदेने (एनसीईआरटी) लहान वाचकांसाठी ‘बरखा’ ही चार स्तरांतील चाळीस गोष्टींची मालिका तयार केली. रोजच्या अनुभवातील लहान प्रसंग, मोजकी वाक्ये, मोठी चित्रे आणि हळूहळू वाढत जाणारी काठिण्यपातळी, ही तिची रचना. नव्याने वाचू लागलेल्या मुलाला अशाच पुस्तकांची गरज असते.

मोहिमेचा दिवस आणि आठवड्याची तासिका

वाचनाला प्रोत्साहन देण्यासाठी गेल्या दशकात मोहिमांची उणीव राहिलेली नाही. महाराष्ट्रात माजी राष्ट्रपती डॉ. ए. पी. जे. अब्दुल कलाम यांची जयंती, १५ ऑक्टोबर, २०१५ पासून वाचन प्रेरणा दिन म्हणून साजरी होते. केंद्रीय शिक्षण मंत्रालयाने १ जानेवारी २०२२ रोजी ‘पढे भारत’ ही शंभर दिवसांची वाचन मोहीम सुरू केली. बालवाटिका ते आठवीपर्यंतच्या मुलांसाठी तीत चौदा आठवड्यांचे उपक्रम आखलेले होते. केंद्रीय माध्यमिक शिक्षण मंडळाने २०२१ मध्ये वाचन अभियान हाती घेतले. महाराष्ट्रातील महावाचन उत्सवात विद्यार्थ्यांनी वाचलेल्या पुस्तकाविषयी लिहून ते संकेतस्थळावर नोंदवण्याचा प्रयोग झाला.

अशा मोहिमांचे मोल नाकारता येत नाही. त्या निमित्ताने कपाटे उघडतात, पुस्तकांवरची धूळ झटकली जाते, पालक आणि ग्रामस्थ शाळेत येतात. मात्र मोहिमेची स्वतःची एक मर्यादा असते. तिचे यश छायाचित्रांत आणि सहभागी विद्यार्थ्यांच्या संख्येत मोजले जाते. दुसऱ्या दिवशी कपाट पुन्हा बंद झाले, तरी अहवालात ते दिसत नाही.

केरळचे उदाहरण येथे उपयुक्त ठरते. तेथील वाचन दिन लोकांच्या अंगवळणी पडला, कारण त्यामागे गावोगावच्या ग्रंथालयांचे जाळे आधीपासून उभे होते. पणिक्कर यांनी १९४५ मध्ये ग्रंथशाळा संघाची स्थापना केली आणि पुढील तीन दशके खेड्यापाड्यांतील वाचनालये त्या सूत्रात गुंफली. दिवसाचे माहात्म्य त्या सातत्यपूर्ण कामातून आले. उर्वरित देशाने दिवस स्वीकारला. त्यामागचे जाळे विणण्याचे काम बाकी आहे.

तमिळनाडू सरकारच्या २०२३ मधील ‘वासिप्पु इयक्कम’ म्हणजेच वाचन चळवळीत पुस्तकांची विभागणी वाचकाच्या पातळीनुसार करण्यात आली. प्रवेश करा, चाला, धावा आणि उडा अशा आशयाची चार नावे त्या पातळ्यांना दिली आहेत. सहावीतील मूल पहिल्या पातळीचे पुस्तक वाचत असेल, तरी त्याला लाज वाटू नये, अशी ही योजना आहे. इयत्तेऐवजी मुलाची आजची पातळी विचारात घेणे, हा त्यातील ग्राह्य धडा. कर्नाटकने नोव्हेंबर २०२० मध्ये ‘ओदुव बेळकु’ कार्यक्रमातून ग्रामपंचायतींच्या ग्रंथालयांचे सदस्यत्व मुलांना विनामूल्य दिले. शाळा बंद असलेल्या त्या काळात गावातील वाचनालय मुलांचा आधार ठरू शकते, हे त्यातून दिसले. राज्यातील अशा पाच हजारांहून अधिक ग्रंथालयांमुळे शाळेतील अपुऱ्या संग्रहाला जोड मिळू शकते.

महाराष्ट्राला हा विचार अपरिचित नाही. महाराजा सयाजीराव गायकवाड यांनी १९१० मध्ये अमेरिकेतील ग्रंथपाल विल्यम बॉर्डन यांना बडोद्यास पाचारण केले. त्यानंतर बडोदा संस्थानात फिरती ग्रंथालये सुरू झाली. लाकडी पेट्यांत पुस्तके भरून ती गावोगाव पाठवली जात आणि ठरावीक काळाने पेटी पुढच्या गावी जाई. एका केंद्रातील आठ-दहा शाळांनी आपापसांत अशा पेट्या फिरवल्या, तर प्रत्येक शाळेला नवीन खरेदीशिवाय दर महिन्याला नवी पुस्तके मिळू शकतात.

कोणते उपक्रम टिकतात?

ज्या शाळांत वाचन रुजले आहे, तेथील उपक्रम खर्चिक नसतात. ते नियमित असतात. त्यांत पहिला क्रम शिक्षकाने केलेल्या प्रकट वाचनाचा. रोज पंधरा मिनिटे शिक्षकाने मुलांसमोर गोष्ट मोठ्याने वाचायची, चित्रे दाखवायची आणि ‘पुढे काय होईल?’ एवढाच प्रश्न विचारायचा. ज्या मुलांना स्वतः वाचता येत नाही, त्यांनाही पुस्तकात काहीतरी हवेहवेसे आहे, हे त्यातून कळते. अर्धी गोष्ट सांगून पुस्तक कपाटाऐवजी मांडणीवर ठेवले, तर मधल्या सुट्टीत ते कोणीतरी उचलतेच.

दुसरा उपक्रम उघड्या मांडणीचा. पुस्तकाची पाठ दिसण्याऐवजी मुखपृष्ठ दिसले पाहिजे. अनेक शाळांत वर्गाच्या भिंतीवर मुलांच्या उंचीला दोरी बांधून त्यावर पुस्तके अडकवली जातात. दोरी आणि काही चिमटे एवढाच त्याचा खर्च. पुस्तक निवडण्याचा अधिकार मुलाकडे येतो, हे त्याचे खरे फलित. शिक्षकाने हातात ठेवलेले पुस्तक आणि स्वतः निवडलेले पुस्तक यांत मुलाच्या दृष्टीने मोठा फरक असतो.

तिसरा उपक्रम विद्यार्थ्यांच्या हाती देवघेव सोपवण्याचा. चौथी-पाचवीतील चार-पाच मुलांची ग्रंथालय समिती नेमली जाते. नोंदवही लिहिणे, परत आलेली पुस्तके तपासणे, फाटलेली पाने चिकटवणे आणि नव्या पुस्तकांची शिफारस करणे, ही कामे समिती करते. शिक्षकाचा वेळ वाचतो. शिवाय नोंदी ठेवणे, रांगेत उभ्या सवंगड्यांशी बोलणे, एखाद्याने पुस्तक हरवले तर त्यातून मार्ग काढणे, हे सारे मुले अनुभवातून शिकतात. विद्यार्थिविकासाची जी उद्दिष्टे धोरणात लिहिलेली असतात, त्यांचा सराव या टेबलाशी घडतो.

चौथा उपक्रम वाचलेल्याविषयी बोलण्याचा. परिपाठात रोज एका मुलाने दोन मिनिटांत पुस्तकाची ओळख करून देणे, आवडलेल्या प्रसंगाचे चित्र काढणे, भित्तिपत्रकावर दोन ओळी लिहिणे, मोठ्या वर्गातील मुलाने लहान मुलाला गोष्ट वाचून दाखवणे, असे त्याचे अनेक प्रकार आहेत. घराबाहेर सहसा न बोलणारे मूल एखाद्या पात्राविषयी बोलू लागते, तेव्हा त्याच्या शब्दसंग्रहाबरोबर धीटपणाही वाढतो. येथे एक सावधगिरी आवश्यक आहे. वाचलेल्या प्रत्येक पुस्तकाचा सारांश लिहिण्याची सक्ती केली, की वाचन हा गृहपाठ होतो. सर्वाधिक पुस्तके वाचणाऱ्याला बक्षीस ठेवले, की पाने उलटण्याची स्पर्धा लागते आणि ज्याला सावकाश वाचता येते, तो मागे राहतो.

पाचवा आणि सर्वांत दूरगामी उपक्रम पुस्तक घरी नेऊ देण्याचा. शाळेतून घरी गेलेले पुस्तक धाकटी भावंडे पाहतात, आजी गोष्ट ऐकते, कधी पालकही चाळतात. ज्या घरात छापील पान अन्यथा येत नाही, तेथे शाळेचे ग्रंथालय अशा रीतीने पोहोचते.

मोबाइल आणि भाषा

वाचनाच्या चर्चेत मोबाइलचा उल्लेख अपरिहार्य आहे. ‘असर २०२४’ मध्ये १४ ते १६ वयोगटातील ८२ टक्क्यांहून अधिक ग्रामीण मुलांना स्मार्टफोन वापरता येत असल्याचे आढळले. आधीच्या आठवड्यात त्याचा शैक्षणिक कामासाठी उपयोग केल्याचे ५७ टक्के मुलांनी, तर समाजमाध्यमांसाठी वापर केल्याचे ७६ टक्के मुलांनी सांगितले. या पार्श्वभूमीवर केंद्र सरकारने २०२३-२४ च्या अर्थसंकल्पात मुलांसाठी राष्ट्रीय डिजिटल ग्रंथालयाची घोषणा केली आणि राष्ट्रीय ई-पुस्तकालय सुरू झाले. प्रथम बुक्सच्या ‘स्टोरीवीव्हर’ मंचावर २०१५ पासून अनेक भाषांतील गोष्टी मुक्त परवान्याने उपलब्ध आहेत. बालभारतीच्या १९७१ पासून प्रसिद्ध होणाऱ्या ‘किशोर’ मासिकाचे जुने अंकही डिजिटल स्वरूपात वाचता येतात.

या साधनांचा सर्वाधिक उपयोग भाषेच्या प्रश्नात होऊ शकतो. शाळेचे माध्यम आणि घरची भाषा वेगळी असलेल्या मुलांना पहिले वाचन घरच्या भाषेत मिळाले, तर अर्थाची वाट लवकर सापडते. गोंडी, कोरकू किंवा भिली बोलणाऱ्या मुलांसाठी छापील पुस्तके मोजकीच आहेत. राज्याबाहेरच्या मराठी शाळांपुढेही हाच प्रश्न वेगळ्या स्वरूपात येतो. सुरत महापालिकेच्या मराठी माध्यमाच्या शाळा किंवा बेळगाव परिसरातील मराठी शाळा ज्या राज्यांत आहेत, तेथील पुस्तक खरेदीचा भर स्वाभाविकपणे राज्यभाषेवर असतो. राष्ट्रीय पुस्तक न्यासासारख्या संस्था अनेक भारतीय भाषांत बालसाहित्य प्रकाशित करतात. त्यांच्या याद्यांचा वापर करून अल्पसंख्य भाषांच्या शाळांसाठी स्वतंत्र खरेदीची तरतूद करणे अवघड नाही. पडद्यावरील मुक्त गोष्टी छापून वर्गात टांगणे, हाही एक व्यवहार्य मार्ग आहे.

मोजमाप बदलावे लागेल

या सर्व चर्चेचा निष्कर्ष एका प्रशासकीय मुद्द्यापाशी येतो. शासकीय यंत्रणा जे मोजते, त्याकडेच शाळा लक्ष देते. सध्या ग्रंथालय आहे की नाही आणि पुस्तके किती, हे मोजले जाते. त्याऐवजी गेल्या महिन्यात किती पुस्तके मुलांनी घरी नेली, हे विचारले गेले तर चित्र बदलू शकते. साठ विद्यार्थ्यांच्या शाळेत प्रत्येकाने आठवड्याला एक पुस्तक नेले, तर पस्तीस आठवड्यांत २१०० वेळा देवघेव होते. संग्रह तीनशे पुस्तकांचा असेल, तर प्रत्येक पुस्तक सरासरी सात वेळा बाहेर जाते. शाळेचे ग्रंथालय जिवंत आहे की नाही, हे सांगण्यास एवढा एक आकडा पुरेसा आहे. तो काढण्यासाठी वेगळे ॲप किंवा पोर्टल लागत नाही. दोनशे पानी वही पुरते.

त्यासोबत दुसरा निर्णय घ्यावा लागेल. दरवर्षी ठरावीक प्रमाणात पुस्तके फाटणे किंवा हरवणे ही वापराची स्वाभाविक झीज मानून ती निर्लेखित करण्याचे स्पष्ट अधिकार मुख्याध्यापक आणि शाळा व्यवस्थापन समितीला मिळाले पाहिजेत. खडू संपला म्हणून कोणी शिक्षकाला जाब विचारत नाही. मुलांच्या हाताळणीने सुटे झालेले गोष्टीचे पुस्तकही त्याच भावनेने पाहिले गेले, तर कपाटाचे कुलूप आपोआप निघेल.

तिसरा मुद्दा प्रशिक्षणाचा. ग्रंथालयशास्त्राची पदवी आणि मुलांना पुस्तकांकडे वळवण्याचे कौशल्य या भिन्न गोष्टी आहेत. गोव्यातील ‘बुकवर्म’ ही संस्था २००५ पासून मुलांच्या ग्रंथालयाचे काम करते आणि शाळांमध्येही उपक्रम चालवते. टाटा ट्रस्टच्या ‘पराग’ उपक्रमाने ग्रंथालय शिक्षकांसाठी अभ्यासक्रम विकसित केला. शिक्षकांच्या पदविका व पदवी अभ्यासक्रमात आणि सेवांतर्गत प्रशिक्षणात बालसाहित्याची ओळख व प्रकट वाचनाचा सराव यांचा समावेश झाला, तर हे काम काही संस्थांपुरते मर्यादित राहणार नाही.

भारतीय ग्रंथालयशास्त्राचे जनक एस. आर. रंगनाथन यांनी १९३१ मध्ये ग्रंथालयाची पाच सूत्रे मांडली. त्यांतील पहिलेच सूत्र पुस्तकाच्या वापराविषयी आहे. जतनाला त्यांनी अग्रक्रम दिला नाही. नव्वदहून अधिक वर्षांनंतर देशातील शाळांपुढे तोच विषय आहे. इमारत, कपाट आणि पुस्तके यांवरचा खर्च बऱ्याच अंशी झालेला आहे. यापुढे आवश्यक आहे ती वेळापत्रकातील आठवड्याची एक तासिका, देवघेवीची वही आणि पुस्तक हरवले तरी चालेल, असे सांगणारा शासन आदेश. या तिन्ही गोष्टींना फारसा निधी लागत नाही. आज दुसरीत बसलेल्या मुलांकडे मात्र थांबण्यास वेळ नाही. तिसरीची अखेर त्यांच्यापासून दोन शैक्षणिक वर्षांवर आहे.